गाडी थांबली का गं?

श्रावणात ईशूच्या कानातलं यंत्र बिघडलं. एका कानात मोबाईलवरचे मास्तर बोलायचे आणि दुसऱ्या कानात नुसतं खरखरायचं. "आज्जी, शहागंजात चांगले मिळतात इअरफोन, येतेस का?" असं तिनं विचारायचा अवकाश, मी चप्पल घालून तिच्या आधी दारात. ईशू माझी नात. तिला वाटलं, आजीला भाजी घ्यायची असेल.

घड्याळाच्या टॉवरला वळसा घालून आम्ही गल्लीत शिरलो. खजूर, ओली पोती, तळणाचं तेल, मधूनच कुणाच्या तरी अंगावरचं अत्तर. वास तेच होते, माणसं बदललेली. ईशू एका काचेच्या दुकानासमोर थांबली. आत मोबाईलची कव्हरं, वायरी, चार्जर, सगळं वेण्यांसारखं लोंबत होतं. मी सवयीनं वर पाहिलं आणि मला हसूच फुटलं. वर तीच खिडकी. गज तेच, रंग तेवढा निळा मारलेला.

"क्या हुआ नानी?" दाढीवाल्या दुकानदारानं विचारलं.

"कुछ नहीं बाबा. ऊपर हम रहते थे," मी म्हटलं.

बाकीचं त्याला काय सांगायचं? ज्या खिडकीत बसून मी अख्ख्या गल्लीचे कान किटवले, तिच्याच खाली आता कान झाकायच्या वस्तू विकतात. गल्लीनं बरोबर सूड घेतला म्हणायचा.

ती खोली माझ्या आत्याबाईची. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. गंगापूरकडच्या आमच्या गावात मुलींची शाळा सातवीला संपायची, म्हणून मला तिच्याकडं ठेवलेलं. आत्याबाईला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण माझ्या अभ्यासावर देखरेख तिचीच. ती देखरेख कानानं व्हायची. त्या काळी अभ्यास दिसायचा नाही, ऐकू यायचा. वाचायचं ते मोठ्यानं, पाठ करायचं ते त्याहून मोठ्यानं. आमच्याच खोलीत नाही, गल्लीतल्या प्रत्येक घरात दिवेलागणीला पोरं अशी ओरडायची, की पाखरं झाडावर बसायला घाबरायची. एका घरातून पाढे, दुसऱ्यातून कविता, पलीकडून उर्दूतला सबक, आणि या सगळ्याच्या तळाशी आमच्या खालच्या रहीमचाचांचं पिंजण. टॅंव, टॅंव, टॅंव.

रहीमचाचा पिंजारी. जिथं आता वायरी लोंबतात तिथं त्यांच्या कापसाचे ढीग असायचे. थंडीच्या तोंडाला गाद्या-रजयांची घाई सुरू झाली की कापूस वर उडून आमच्या खिडकीतून आत यायचा. वेण्यांत अडकायचा, शाईच्या दौतीत पडायचा, आत्याबाईच्या पिठलंभाकरीवरही बसायचा. "कापसाची फोडणी," असं म्हणत ती तो चिमटीनं उचलायची. पावसाळ्यात पिंजणाची तार ओल धरायची आणि आवाज बसका व्हायचा. उन्हाळ्यात चाचा दुपारी दुकानातच आडवे व्हायचे, नदीकाठच्या खरबुजांचा वास गल्लीभर पसरायचा, आणि मला एकटीलाच ओरडावं लागायचं. मग मी थांबायचे. थांबले रे थांबले की चुलीपासून आत्याबाईची हाक यायची.

"गाडी थांबली का गं?"

"नाय आत्याबाई, पान उलटतेय."

"लई जड पान दिसतंय!"

तेवढ्यात खालून रहीमचाचाही डोळे न उघडता म्हणायचे, "आज कायकू चुप है गे बेटी?" म्हणजे सुटका कुठूनच नाही.

आता त्या खिडकीतल्या पोरीबद्दल थोडं सांगते. दोन वेण्या, लाल रिबिनी, नाक आभाळात. स्वतःला लई हुशार समजायची. तिनं एक शोध लावला होता. आत्याबाईला शब्द नाही, सूर हवा असतो. सूर अभ्यासाचा ठेवला की आत काहीही भरावं. म्हणून ती बया भूगोलाचं पुस्तक मांडीवर उघडं टाकायची, नजर खिडकीतून समोरच्या घरात सोडायची, आणि डुलत डुलत म्हणायची: "गोदावरी नदी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, आणि समोरच्या काकूंनी नवऱ्याला न सांगता हिरवं लुगडं घेतलं, ते ज्वारीच्या कोठीत लपवलं, पुढे ती नाशिक, पैठण, नांदेड या गावांवरून वाहत जाते."

आत्याबाईच्या भाकरीची थापथुप चालूच. पोरीला वाटायचं, काय फसवलं म्हातारीला! आत्याबाई तेव्हा म्हातारी नव्हती, हेसुद्धा त्या दीडशहाणीला कळत नव्हतं.

मॅट्रिकच्या वर्षी थंडीत आबा अचानक आले. गावाकडं काय बिनसलं होतं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आठवतो तो त्यांच्या घोंगडीचा वास, एस. टी.च्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवया, आणि त्यांचं एकच वाक्य.

"आक्का, पोरीला घेऊन जातो. झाली तेवढी शाळा बास."

मी खिडकीत होते. मधे फक्त एक पडदा. माझ्या हातात पुस्तक होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी छापलेलं होतं तसंच वाचलं, एक शब्द आगाऊ नाही. आवाज असा कापत होता, की नांदेडपर्यंत पोचता पोचता गोदावरी आटायची वेळ आली. आणि एकदम खालचं पिंजण थांबलं. ऐन रजयांच्या दिवसांत. चाचांची तार तुटली होती, की त्यांनी मुद्दाम हात आवरला होता, देव जाणे. साऱ्या गल्लीत माझाच आवाज उरला.

"रंगनाथ," आत्याबाई आबांना म्हणाली, "ऐकू येतंय का?"

"येतंय की."

"ही गाडी असल्यागत दिवसभर चालू असती. चालत्या गाडीतून कुणी माणूस उतरवतंय व्हय?"

आबांनी एकदा पडद्याकडं पाहिलं. मग पाणी प्यायले, उरलेली भाकरी फडक्यात बांधून घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत गेले.

मी पडद्याआडून बाहेर आले. डोळे पुसले, नाक पुसलं, आणि आता काहीतरी मोठं गंभीर बोलावं म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याबाई तव्यावरची भाकरी उलटत, वर न बघता म्हणाली,

"ते ज्वारीच्या कोठीतल्या लुगड्याचं पुढं काय झालं गं?"

आज इतकी वर्षं झाली. आत्याबाई नाही, चाचा नाहीत. पण तो प्रश्न आठवला की माझे कान अजून गरम होतात आणि मग पोट दुखेपर्यंत हसू येतं.

"आज्जी, कुठं हरवलीस? काळे घेऊ की पांढरे?" ईशू विचारत होती.

"ज्यातून मास्तर पळून जाणार नाही ते घे," मी म्हटलं.

ईशूची गोष्ट अशी. तिला डॉक्टर व्हायचंय. बारावीनंतरची ती प्रवेशाची परीक्षा थोडक्यात हुकली. माझा मुलगा संतोष वाळूजच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, लातूरला जा. क्लास लाव, होस्टेलला राहा, सगळ्यांची पोरं तेच करतात. ईशू म्हणाली, मी घरीच करते, मोबाईलवर सगळे धडे आहेत, तिथलेच मास्तर इथं दिसतात. बापलेकीची आठवडाभर जुंपली. जेवायच्या ताटावर कुणी कुणाला मीठ देईना. शेवटी दसऱ्यापर्यंतचा तह झाला. तोवर घरी अभ्यास होतोय असं दिसलं तर ठीक, नाही तर सोनं वाटून झालं की लातूरची बॅग.

"आई, तू असतेस दिवसभर घरी," संतोष मला म्हणाला. सून दौलताबादकडच्या शाळेत शिकवते, ती सकाळीच जाते. "तू लक्ष ठेव. खरंच अभ्यास करते का ते मला तूच सांगायचं."

म्हणजे बघा, फिरून फिरून मी आत्याबाईच्या पाटावर येऊन बसले. पण आत्याबाईचं सोपं होतं. इथं आवाजच नाही! ईशू टेबलाशी बसते, मोबाईल एका स्टँडवर उभा, कानात बोंडं, ओठ मिटलेले. पुढं मास्तर हात हलवतोय, फळा भरतोय, पुसतोय, आणि घरात मात्र फक्त पंख्याचं किरकिर. मधेच पोरगी गालातल्या गालात हसते. मास्तर विनोद करतोय, की पोरगी दुसरंच काही बघतेय? चुलीपासून हाक मारून कळणारी गोष्ट ही नव्हे. पहिले काही दिवस मी पाणी विचारायच्या मिषानं खेटे घातले. "आज्जी, मला एवढी तहान लागत नाही गं," ती म्हणाली. मग मी मेथी घेऊन तिच्या मागच्या खिडकीशीच ठाण मांडलं. तिथं वारंही बरं येतं.

खोटं कशाला बोलू, बसून बसून मीच त्यात गुंतले. एकदा तिनं कानातलं काढून मला हृदय दाखवलं. काचेवर लालभडक, धडधडणारं. बोटानं फिरवावं तसं फिरतं. सीताफळ उकलावं तसं मधोमध उघडतं आणि आतले कप्पे दिसतात, कुठून रक्त येतं, कुठून जातं. मला आमच्या शाळेच्या बाई आठवल्या. त्यांनी फळ्यावर खडूनं काढलेलं हृदय हुबेहूब भरताच्या वांग्यासारखं होतं. "बाई, देठ राहिला," असं मी म्हणाले होते आणि उरलेला तास वर्गाबाहेर काढला होता. त्यामुळं हृदयाचे कप्पे मला कळायला केस पांढरे व्हावे लागले.

आणि एक गंमत. ईशू मास्तरला बोटानं थांबवते. मागं नेते, पुन्हा सांगायला लावते. मास्तर चिडत नाही. फारच रेंगाळला तर दुप्पट वेगानं पळवते, मग बिचारा चिमणीसारखा चिवचिवतो. आमच्या वेळी मास्तरला थांबवायची ताकद एका घंटेत होती. दुसऱ्यांदा विचारायला उभं राहायचं म्हणजे आधी रिबीन सारखी करायची, मग आपणच खाली बसायचं. किती प्रश्न असे बसून राहिले. ते सगळे एका जागी जमले तर अजून एखादी शाळा भरेल.

नव्या इअरफोनची नवलाई ओसरली तेव्हाची दुपार. ईशू आंघोळीला गेली होती. मी मेथी निवडता निवडता वाकून मोबाईलमध्ये डोकावले. मास्तर नव्हताच. चौकटी चौकटींत पोरी बसल्या होत्या. माना खाली, हातात पेन. एकीच्या मागं शेळ्या चालल्या होत्या, एकीच्या मागं कपाटावर गाद्यांची चळत. आणि एका चौकटीत एक म्हातारी मेथीची काडी हातात धरून माझ्याकडंच टकामका बघत होती. पदर कुठला कुठं, केस पिंजलेले. म्हटलं, ही कोण बाई? ओळख पटली तशी माझ्या हातातली काडी पडली.

शेळ्यांच्या चौकटीतली पोर मान वर करून हसली आणि तिनं मला हात जोडले.

ईशू बाहेर आली तेव्हा मी पदर सावरत होते. "हे काय चाललंय गं? आणि मला आधी सांगायचं नाही?"

"अगं आज्जी, आम्ही सगळ्या असं एकत्र बसतो. बोलायचं नाही, आवाज बंद. फक्त दिसायचं एकमेकींना, म्हणजे झोप येत नाही. ही पूजा, गंगापूरकडची. आणि तुला सगळ्या ओळखतात."

"मला?"

"मेथीवाली आजी. तू मेथी घेऊन बसलीस की अभ्यास सुरू. तुझी मान पडली की सुट्टी. पूजा सगळ्यांना लिहून पाठवते, आजींची मान पडली, चला चहा घ्या. आमची घंटा आहेस तू."

आता काय म्हणावं! माझी दुपारची डुलकी तिकडं गंगापूरच्या रानात वाजत होती आणि मला पत्ता नाही. मी रागावल्याचं सोंग केलं. आतून मात्र अशी फुलले, की त्या दिवशीची मेथी अर्धी काड्यांसकटच शिजली.

दुसऱ्या दिवसापासून मी चांगली साडी नेसून मान टाकायला लागले.

आणि एक गोष्ट त्या पोरींना कुणी सांगितली नव्हती. मान पडली म्हणजे कान पडत नाहीत. मी डोळे मिटले की ईशू कानातली बोंडं काढायची, मोबाईलचा आवाज मोठा करायची, आणि चौकटींचं गाव जागं व्हायचं. कुकरची शिट्टी, कुणाच्या तरी लहान भावाचं रडणं, लांबून एस. टी.चा हॉर्न, पूजाच्या शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा. एवढे सगळे आवाज असतात या मुक्या अभ्यासाच्या मागं! मग पोरींच्या गप्पा. पूजाच्या चुलत बहिणीला बघायला पाहुणे आले होते. "नवरदेव पोरीकडं बघंना," पूजा सांगत होती, "दावणीचा बोकडच बघत बसला. त्याचं वय काय, खातो काय, चावतो का. आमची ताई पोह्याची ताटली घेऊन उभीच!" पोरी खिदळल्या. माझी मान पडलेली, पण पोट हलत होतं. ते श्वासावर खपून गेलं.

गप्पा संपल्या की पूजा म्हणायची, "ईशू, ते हृदयाचं परत सांग ना. माझी रेंज नेमकी तिथंच गेली." तिच्या घरात रेंज मिळत नाही, उंबऱ्यावर मिळते, आणि शेळ्या आत-बाहेर करायला लागल्या की तिला मोबाईल घेऊन उठावं लागतं. मास्तर तोवर पुढं निघून जातो. मग ईशू सांगायची. पुस्तक न बघता, हात हलवत, मोठ्यानं. हे इकडून आलं, इथं झडप उघडली, इथं मिटली. अडली की थांबायची, मागं जायची, पुन्हा सांगायची. पूजानं दुसऱ्यांदा विचारलं तरी चिडायची नाही. मिटल्या डोळ्यांनी मी ऐकत होते. सांगताना तिचा एक सूर लागायचा, थोडा डुलता, थोडा नाकातला. तो सूर मी ओळखत होते. फक्त तिच्या गोदावरीत कुणाचं लुगडं वाहत येत नव्हतं.

दसरा आला. आपट्याची पानं वाटून झाली, श्रीखंडाची पातेली चाटूनपुसून झाली. दिवाणावर संतोष बसला आणि त्यानं घसा खाकरला. ईशू स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात ओलं भांडं तसंच, पुसायचं विसरलेली.

"आई, आता तू सांग. लातूरला उद्या कळवायचंय. मी जेव्हा बघतो तेव्हा ही आपली गप्प बसलेली. कानात वायरी. अभ्यास करते की काय करते, मला तर काही ऐकू येत नाही."

मला पडदा दिसला. घोंगडीचा वास आला.

"तुला नाही यायचं," मी म्हटलं. "मला येतं. दुपारी ये एकदा. तुझी लेक गंगापूरच्या पोरीला शिकवत असते. एकदा कळलं नाही तर दुसऱ्यांदा. मला सत्तरीत हृदयाचे कप्पे पाठ झाले, ते काय मोबाईलनं कानात येऊन सांगितले व्हय?"

"म्हणजे करते अभ्यास?"

"गाडी चालू आहे, संतोष. चालत्या गाडीतून माणूस उतरवत नसतात."

हे आत्याबाईचं वाक्य आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, पण बहुधा वाक्यालाच आपलं वजन ठाऊक असावं. त्यानं बायकोकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, मग हातातलं आपट्याचं पान उगाच सरळ केलं. "ठीक आहे," म्हणाला. "परीक्षेपर्यंत राहा इथंच. पण त्या गंगापूरच्या पोरीला तेवढं नीट शिकव."

ईशूच्या हातातून भांडं निसटलं. ते घरंगळत दिवाणाखाली गेलं आणि बराच वेळ वाजत राहिलं. कुणी उचललं नाही.

सगळे झोपायच्या तयारीला लागल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. डोळे लाल, नाक लाल, आणि चेहऱ्यावर काहीतरी मोठं गंभीर बोलायची तयारी. मी तो चेहरा चांगला ओळखते. कधीतरी माझाच होता.

"आज्जी..." तिनं सुरुवात केली.

मी पांघरुणाची घडी मोडली, उशी थोपटली, आणि वर न बघता विचारलं,

"ते बोकड बघणाऱ्या नवरदेवाचं पुढं काय झालं गं?"